शेठचा मुका डबा

मोटार जळाली म्हणून माणसं माझ्याकडं यायची. मोटार पाणी उचलत नाही म्हणून यायची. मोटार झकास चालतेय, पण बोलतेय, अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात एकच पाहिलं. त्याच्यापायी मी चार वर्षं डोकं पिकवून घेतलं. त्याचं मला अजून हसू येतं. रागही येतो, पण तो थोडा.

मी रिवायंडिंगवाला. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, हा धंदा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून वर ढकललेली. पण बोरी बुद्रुकपासून पेठ गावापर्यंत कुठल्याही विहिरीवर जाऊन विचारा, नारायणगावच्या मिस्त्रीचा हात लागला नाही अशी मोटार दाखवा म्हणावं. शिकलेले लोक मीटर लावून बघतात. मी कान लावतो. बेअरिंग गेलंय की शाफ्ट वाकलाय, हे मला मोटार चालू केल्यावर दुसऱ्या फेऱ्याला कळायचं. फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतो.

तर हा शेठ. बाजारपेठेत कापडाचं दुकान. वाडवडील राजस्थानातून आलेले, पण ह्याची मराठी माझ्यापेक्षा साफ. अंगानं काडी, कपडे पांढरे, आणि चपलेच्या तळाला जाड फेल्ट चिकटवून घेतलेलं, चालताना फटफट होते म्हणून. त्यामुळं हा कधी येऊन मागं उभा राहायचा ते कळायचं नाही. मांजर परवडलं, ते म्याव तरी करतं. मी समोर 'तुमी' म्हणायचो आणि माघारी 'तो'. इथंही 'तो'च लिहिणार.

पहिल्यांदा आला तो छताचा पंखा घेऊन.

"मिस्त्री, हा बोलतो."

मी टांगला, फिरवला. नवाकोरा पंखा. "शेठ, कायबी न्हाई याला."

"नीट ऐका. सूं करतो."

"पंखा हाय, सूं करनारच. वारं काय पोस्टानं येतं?"

"वारं येऊ द्या. सूं नको."

मी तो पंखा दोन दिवस कोपऱ्यात ठेवला आणि तेलाचा थेंबही न घालता परत दिला. आठ दिवसांनी शेठ मुद्दाम सांगायला आला, "बघा मिस्त्री, किती फरक पडला!" मी म्हटलं, पडनारच.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "जे नीट चालतं ते बोलत नाही." मी म्हणायचो, "शेठ, जे बोलत न्हाई ते बंद असतं." ह्यावर तो डोळे मिटायचा. वादात हरला की डोळे मिटायची त्याची पद्धत.

दुकानातही तेच. कापडवाला कापड कसं देतो? दातानं नाहीतर कात्रीनं कडेला चीर द्यायची आणि टर्रकन फाडायचं. त्या टर्रवर तर गिऱ्हाईक खूश होतं, की आपलं कापड निघालं. ह्याला ती टर्र सोसायची नाही. हा शेवटपर्यंत कात्रीनं कापत जायचा, मुंगी चालल्यासारखा. दोन मीटर लठ्ठा घ्यायला आलेला माणूस मधे जाऊन चहा पिऊन यायचा. लग्नाचा बस्ता बांधायला बायका आल्या की हा काउंटरवर हात जोडायचा, "एकेकीनं बोला." एकेकीनं बोलून जगात कुणाचा बस्ता बांधून झालाय? बायका उठून समोरच्या दुकानात जायच्या. शेठ म्हणायचा, "गेल्या ते बरं झालं, लई कालवा होता." हा 'लई' तेवढा त्यानं आमच्याकडून घेतलेला.

पण शेठचा एक शौक होता, सिनेमा. आणि सिनेमाला माणसं येतात, ही त्याची अडचण होती. नव्वदनंतरची चार-पाच वर्षं जत्रेत अजून तंबूतलं थेटर यायचं. एकदा मीही होतो. पिक्चर रंगात आला, पोरं शिट्ट्या मारायला लागली. तर हा मधोमध उभा राहिला, मशीनच्या उजेडात, दोन्ही हात जोडून. पडद्यावर हिरो-हिरॉईनच्या मधे ह्याची सावली, हात जोडलेली. "शांत बसा, शांत बसा." मागून कोण तरी ओरडलं, "अय पावणं, पिच्चरमधनं भाईर निघा!" सगळा तंबू हसला आणि भुईमुगाच्या टरफलांचा पाऊस पडला. शेठ टरफलं झटकत बाहेर आला, मला म्हणाला, "मिस्त्री, मी घरीच थेटर करीन. त्यात पिक्चरशिवाय दुसरं काही ऐकू येणार नाही."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलला. हा माणूस रागाच्या भरात काही बोलायचा नाही, हे मला माहीत नव्हतं.

त्याच्या बायकोला सगळी पेठ भाभी म्हणायची. देवानं जोडी लावताना गंमत केलेली. भाभीनं दारातून हाक मारली तर पुणे-नाशिक रोडवरचा ट्रकवाला ब्रेक लावील असा गळा. त्या बाईनं वीस-पंचवीस वर्षं ह्याच्यासोबत काढली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून गेलं. फ्रीज घुमतो म्हणून मागच्या पडवीत गेला. मिक्सर शेठ दुकानात असताना लावायचा. कुकरची शिट्टी तर बंदच. वाफ धरली की भाभी धावत जाऊन गॅस बारीक करायची. मला एकदा जेवायला बसवलं तेव्हा म्हणाली, "भाऊ, आमच्या घरात वरण शिजतं, पण बोलत नाही." वरण शिजलेलंही नव्हतं, पण मी बोललो नाही. त्या घरात गेलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखा.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, शेठच्या मुलानं कॉम्प्युटर आणला. मुलगा तेव्हा लग्नाचा, दुकानात बापाच्या हाताखाली. त्यानं कॉम्प्युटरला मोठा टीव्ही जोडला, सिनेमाची तबकडी घातली, दोन बाजूंना स्पीकर लावले. शेठ पाट मांडून बसला. बारा मिनिटं पिक्चर पाहिला आणि हात वर केला. "थांबव. ऐकलंस?"

"काय पप्पा?"

"ती तिकडं मरायला टेकली आहे, आणि तिच्या उशाशी कुणी पिठाची गिरणी चालू केली?"

गिरणी म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या दुकानात. मी तोवर कॉम्प्युटर आतून पाहिला नव्हता. खोलला तर काय, तीन पंखे आणि एक फिरणारी तबकडी. सगळी इंजिनिअरी बाजूला ठेवली तर मोटारीच की. मी म्हटलं, "शेठ, हे आपल्या घरचं काम हाय."

तिथं माझी जीभ झडायला पाहिजे होती.

"मला हा डबा मुका पाहिजे," शेठ म्हणाला. हे त्यानं चारचौघांत म्हटलं, आणि आमच्याकडं 'मुका'चे दोन अर्थ. पुढची चार वर्षं मला पेठेत जायची चोरी झाली. पानवाला दुरूनच, "काय मिस्त्री, शेठला मुका दिला का न्हाई अजून?" मी म्हणायचो, "द्यायलोय, पर त्यांचं समाधानच हुईना."

आधी मी पंख्यांना आडवा रजिस्टर, म्हणजे करंट अडवणारा तुकडा, टाकून ते हळू केले. शेठ म्हणाला, गिरणी होती, आता जातं झालं. मग तबकडीची, म्हणजे ज्यात सगळं साठवतात त्या हार्डडिस्कची पाळी आली. ती पत्र्याला स्क्रूनं आवळलेली, म्हणून सगळा पत्रा गुणगुणायचा. इथं मात्र शेठचं डोकं चाललं, कबूल करतो. दुकानातून परकराच्या नाडीच्या जागी घालतात ते रुंद इलॅस्टिक आणलं, डब्यात आडवं-उभं बांधलं, आणि हार्डडिस्क त्यावर झोळीत घातल्यासारखी लटकवली. पत्रा एकदम गप्प. शेठ तिच्याकडं असा बघत होता, की आता अंगाई म्हणतोय की काय.

मग मात्र त्याचा तोल गेला. मला न विचारता त्यानं डब्याला आतून गादीचा फोम लावला, चारी बाजूंनी, गच्च. आवाज थांबला. वीस मिनिटांनी कॉम्प्युटरही थांबला. उघडला तर आतून गरम भजी काढल्यासारखी वाफ. मी म्हटलं, "शेठ, त्याला हिवाळा नव्हता लागला."

"पण गप्प झाला होता ना?"

"आपन सगळेच व्हनार हाय एक दिवस!"

त्यानं डोळे मिटले.

मी त्याला सरळ उपाय सांगितला, जो कुठलाही शहाणा माणूस सांगेल. म्हटलं, "शेठ, डबा पलीकडच्या खोलीत ठिवा. भितीला भोक पाडा, वायर हिकडं घ्या. तिकडं कितीबी बोंबलू द्या, हिकडं तुमी निवांत पिच्चर बघा." मला वाटलं, आता माझ्या पाया पडेल.

तो म्हणाला, "मिस्त्री, खोकणाऱ्या माणसाला दुसऱ्या खोलीत नेऊन झोपवला, तर त्याचा खोकला बरा होतो का? ते लपवणं झालं. मला बरा करून पाहिजे."

आता अशा माणसाला काय म्हणायचं? पण खरं सांगू, मला ते आवडलं. मीही बिघाड झाकून मोटार परत देणारा माणूस नाही. मी म्हटलं, आता बघाच.

महिनाभर मी दुसरं काम मागं टाकलं. जाड तांब्याचा पत्रा आणला, त्याच्या पातळ पट्ट्या हातानं कापल्या, एकेक पट्टी घासून, एका तांब्याच्या ठोकळ्यावर दाटीनं उभ्या बसवल्या, कणसाला दाणे असतात तशा. तो ठोकळा कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या भागावर आवळला. डब्याला वर-खाली भोकं पाडली, खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर, आपोआप. चुलीचं धुराडं चालतं तसं. पंखा एकही नाही. तीन तास चालवला, हात लावला तर कोमट. मी तुम्हाला सांगतो, पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरनं येऊन बघावं असं काम होतं ते. आणि आवाज? शून्य. डिसमिस, म्हणजे स्क्रू पिळायचा तो, त्याचं टोक डब्यावर ठेवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. मशीनच्या पोटातलं ऐकायची ही आमची पद्धत. हार्डडिस्क तेवढी लांब कुठं तरी पुटपुटत होती. डिसमिस काढला की तेही नाही.

शेठकडं नेला. त्यानं तपासायची पद्धत शोधून काढली होती. ह्यांच्यात, म्हणजे जैनांच्यात, सामायिक करतात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी, न बोलता, मन स्थिर करून बसायचं. त्याला वाळूची घडी असते; उलटी केली की वाळू खाली पडेपर्यंत उठायचं नाही. शेठनं ती घडी उचलली आणि डब्याशेजारी ठेवली. भाभी कडाडली, "देवाची घडी डबड्याला लावता? काही वाटतं का?" पण शेठ बसलासुद्धा, डोळे मिटून. पडद्यावर चित्र थांबवलेलं, स्पीकर बंद, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. बोलायचं नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. मूठ वळली तर शांत. बोट वर केलं तर आवाज आहे.

मी मुठीची वाट बघत बसलो. बोट वर आलं. अठ्ठेचाळीस मिनिटं ते खाली आलं नाही.

"सूं आहे," डोळे उघडून म्हणाला. "बारीक. पण आहे."

"कुठं हाय? मला न्हाई ऐकू येत!"

"तुमचे कान गेले मिस्त्री. जन्मभर मोटारीत बसून बहिरे झालात."

हे मला. ज्याच्या कानावर दोन तालुक्यांचं पाणी चालतं त्याला. मी उठून आलो आणि चार दिवस जेवण गेलं नाही. दुसरा कुणी असता तर डबा त्याच्या डोक्यात घातला असता. मी उलट डबा पुन्हा पुन्हा खोलत राहिलो. इन्व्हर्टर घुमतो म्हणाला, तो काढून टाकला. यूपीएस कुणकुणतो म्हणाला, तोही गेला. दर खेपेला घडी, दर खेपेला बोट.

एकदा तर मला लूनावर बसवून येडगावला नेलं, धरणाच्या काठाला, भर दुपारी. "शांत म्हणजे काय ते दाखवतो." पाणी एकदम गप. बगळासुद्धा हलत नव्हता. शेठ थोडा वेळ बसला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "इथंही कुणी तरी मोटार लावली आहे."

"शेठ, ह्या आठवड्यात शेतीची लाईट रातची हाय. दिवसा एकबी मोटार चालत न्हाई."

"आहे. सूं चाललंय. तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

मी म्हटलं, ह्याला भांडायलाच पाहिजे. गाडीला किक मारली. शहाणपण असतं तर तिथंच ओळखलं असतं. पण मला बहिरा म्हटलेलं डोक्यात इतकं वाजत होतं, की दुसरं काही आत शिरायला जागा नव्हती.

मधल्या काळात शेठच्या मुलाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. आता तान्हं लेकरू काही फेल्टची चप्पल घालून येत नाही. ते रडायचं. ते रडलं की शेठ खोलीतून बाहेर येऊन नुसता उभा राहायचा, हात जोडून, तंबूत उभा होता तसा. सून बिचारी लेकराला घेऊन शेजारी जाऊन बसायची. दिवसातून चार वेळा, सहा वेळा. शेजारीण एकदा म्हणाली, तुझं सासर हे का ते?

एक दिवस भाभी माझ्या दुकानात आली. ती बाई कधी दुकानात आली नव्हती. हळू बोलली, म्हणून मी घाबरलो.

"भाऊ, मुलानं पुण्याला खोली बघितली आहे. दिवाळी झाली की जाणार. म्हणतो, ह्या घरात माझ्या मुलीला रडायची चोरी आहे."

"जाऊंद्या की भाभी, पोरं जातातच."

"अहो, नातीला घेऊन जाणार!" मग तिचा आवाज खरा झाला, आणि रस्त्यावरचे दोघं थांबले. "ह्यांनी मुलाला शब्द दिला आहे. डबा एकदा गप्प झाला, एकदा मूठ वळली, की मी कुणाला काही म्हणणार नाही. मिक्सर लावा, पोरगी रडू द्या, काही करा. भाऊ, एकदा. एकदा ती मूठ वळू द्या."

म्हणजे आता त्या लेकराचं घर माझ्या डब्यावर आलं. मी तो पुन्हा सगळा खोलला. पॉवर सप्लायच्या जागीही तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. हार्डडिस्कला दुसरं, मऊ इलॅस्टिक. पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात रबर. दिवाळीच्या आधी, एका दुपारी, नेऊन मांडला.

सगळे जमले. सून लेकराला घेऊन आधीच शेजारी गेलेली. मुलगा दाराला टेकून, हाताची घडी घालून. भाभी उंबऱ्यात. शेठनं वाळूची घडी उलटी केली आणि डोळे मिटले. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या. मी डिसमिस लावून ऐकलं. पुटपुटही नाही. मी भाभीकडं बघून मान हलवली, झालं म्हणून.

शेठचं बोट वर आलं.

मुलानं एक श्वास सोडला आणि छताकडं बघितलं. भाभीनं पदर तोंडाला लावला. बोट तसंच. वाळू पडतेय.

तेवढ्यात लाईट गेली. त्या वर्षांत लाईट जायची वेळ ठरलेली असायची, पण ही अवेळी गेली. टीव्ही काळा झाला. डब्यावरचा दिवा विझला. इन्व्हर्टर मीच काढलेला. मी, मुलगा, भाभी, तिघांनीही बोटाकडं बघितलं. आता खाली येईल.

पाच मिनिटं गेली, दहा गेली, बोट खाली आलं नाही. उलट हलायला लागलं, भजनात ताल धरावा तसं. डबा मेलेला, आणि शेठ डोळे मिटून त्याचा आवाज मोजत होता.

मला हसू फुटलं. चार वर्षांचं साठलेलं, ते थांबेना. "शेठ, डोळं उघडा! लाईट जाऊन धा मिन्टं झाली! डबा मेलाय! कुनाचा आवाज ऐकताय?"

घडीत वाळू बाकी होती, तरी त्यानं डोळे उघडले. काळ्या पडद्याकडं बघितलं. विझलेल्या दिव्याकडं बघितलं. उठला, डब्याची वायर भिंतीतून उपटून काढली आणि डब्याला कान लावून बसला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तो अजून चालू आहे."

मी अजून हसतच होतो. म्हटलं, "मग तुमच्या डोक्यात हाय तो."

भाभी येऊन त्याच्याजवळ खाली बसली. मुलाची हाताची घडी सुटली. शेठनं माझ्या हातातला डिसमिस घेतला, त्याचं टोक स्वतःच्या कपाळाला लावलं, आणि मागची मूठ माझ्याकडं केली. "ऐका."

माणसाला डिसमिस लावून कुणी ऐकतं का? पण मी वाकलो आणि कान लावला.

"काय येतं?"

"कायबी न्हाई शेठ."

"बेअरिंग आहे, का वायंडिंग?"

चेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता. जन्मभर मला आवाज विचारला आणि मला सांगता आलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मी डिसमिस खिशात घातला आणि निघालो. माझे कान शाबूत आहेत हे सगळ्यांसमोर ठरलं होतं, पण ते सांगायला पानवाल्याकडं काही मी थांबलो नाही.

मुलगा त्याला पुण्याला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतल्या शिरेचं आहे, कधी सुरू झालं सांगता येत नाही, आणि थांबवता येत नाही. सवय करा. शेठनं आठ दिवस दुकान उघडलं नाही.

नवव्या दिवशी मी पाच हॉर्सपॉवरची मोटार तपासायला लावली होती. बेअरिंग पार गेलेलं, दुकानात उभं राहवत नव्हतं इतकी ओरडत होती. वळून बघतो तर मागं शेठ. कधी आला काय माहीत. मी त्याचा मान ठेवून बटण बंद केलं.

"बंद करू नका," तो म्हणाला. "चालू ठेवा."

मी चालू केली. तो एका पालथ्या डब्यावर बसला. पाऊण तास. मला वाटलं, गेलं हे प्रकरण हातातून. मग त्यानं मला जवळ बोलावलं आणि कानाशी ओरडून सांगितलं, "इथं तो ऐकू येत नाही!"

आणि हात जोडले. ह्यांच्यात वर्षातून एकदा सगळ्यांची माफी मागायचा दिवस असतो. तो कधीच होऊन गेला होता, तरी हा म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम्, मिस्त्री. तुम्हाला बहिरा म्हणालो." आता मीही काही तरी म्हणायला पाहिजे होतं, त्या दिवशीच्या हसण्याबद्दल. मी म्हटलं, "मोटार तापंल, बंद करतो." आमच्या घराण्यात माफी मागायची चाल नाही.

जाताना म्हणाला, "माझ्या डब्याला एक पंखा बसवा. बोलणारा."

माझ्या त्या तांब्याच्या कामावर! मी पाच पंखे समोर ठेवले. त्यानं एकेक लावून ऐकला आणि सगळ्यात खटारा निवडला. तो बसवायला मी घरी गेलो तर घर ओळखू येईना. कुकर शिट्ट्या मारतोय, फ्रीज घरात आलेला, मिक्सर चालू, भाभी मिक्सरच्या वरून कुणाला तरी हाका मारतेय. मुलानं पुण्याच्या खोलीची किल्ली परत पाठवली होती. बापानं स्वतः जाऊन त्याला सांगितलं होतं, जाऊ नका म्हणून. भाभी माझ्यावरच उखडली, "भाऊ, आता ह्या घरात मेलं कुणाला काही ऐकू येत नाही!" शेठ मधोमध पाटावर बसून पिक्चर बघत होता. खटारा पंखा चालू झाला तसा त्यानं मला बसायची खूण केली.

अर्धा तास गेला असेल. सून लेकराला पाळण्यात झोपवून स्वयंपाकघरात गेली. आणि लाईट गेली. पिक्चर थांबला, पंखा थांबला, फ्रीज थांबला, मिक्सर थांबला. सगळं घर एकदम गार. शेठचं तोंड मी बघितलं. बोट वर करायची खूण आता कुणाकडं करणार? तो नुसता बसला, जबडा आवळून.

मग उठला. फेल्टच्या पावलांनी पाळण्याकडं गेला. स्वयंपाकघराच्या दाराकडं एकदा बघितलं. मी आहे हे विसरला असावा. वाकला, आणि लेकराच्या पायाला हळूच चिमटा काढला.

लेकरानं असा भोंगा पसरला, की आजीचा गळा तिनं घेतलाय हे पेठेला कळलं असेल. शेठनं डोळे मिटले आणि तोंडावरचा सगळा ताण उतरला. "ओ ओ ओ, काय झालं माझ्या बाईला," म्हणत तो पाळणा हलवायला लागला. सून धावत आली. म्हणाली, "पप्पा, तुम्ही कशाला उठलात? त्रास झाला ना तुम्हाला?"

"असू दे गं," शेठ म्हणाला. "रडू दे तिला."